मंदीचा अंदाज सांगणारं सॉफ्टवेअर: पैसे देऊन घ्यावं का?

हिंगणावाला | सोमवार, रात्री ९:४२
नमस्कार मंडळी. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटचे हिशेब मी पाहतो. डक्टिंग, हॉपर, कन्व्हेयरचे सांगाडे असा माल आमच्याकडे बनतो. गिऱ्हाईक म्हणजे वीज केंद्रं, चंद्रपूरकडचे सिमेंट कारखाने आणि थोडं खाणींचं काम. मालकांच्या डोक्यात नवीन प्लेट रोलिंग मशीन आहे, पाच वर्षांच्या टर्म लोनवर. त्यांनी मला एवढंच विचारलं, "पुढच्या वर्षी मंदी आली तर?"

त्याच सुमारास एका कंपनीचा माणूस येऊन गेला. लॅपटॉपवर एक काटा, हिरवा-पिवळा-लाल. म्हणे आमचं सॉफ्टवेअर बारा महिने आधी मंदी सांगतं, नव्वद टक्क्यांहून जास्त अचूक. वर्षाची फी एका फिटरच्या चार-पाच महिन्यांच्या पगाराएवढी. आत काय गणित आहे विचारलं तर "एआय आहे सर" एवढंच उत्तर. मालकांना काटा आवडला. मला मात्र आकडा कुठून आला ते कळल्याशिवाय त्यावर सही करवत नाही.

इथे स्टॅटिस्टिक्सवाले, बँकवाले, व्यापारी सगळेच आहेत. असं सॉफ्टवेअर खरंच चालतं का? फुकट काही मिळतं का? आणि मिळालं तर माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसाला ते चालवता येईल का?

इतवारी_धान्य | सोमवार, रात्री ९:५८
भाऊ, आमच्या गल्लीत मंदी आधी उधारीत दिसते. तीस दिवसांवाला पंचेचाळीसवर जातो आणि पंचेचाळीसवाला फोन उचलत नाही. याची काही वार्षिक फी नाही.

वाडी_ट्रान्सपोर्ट | सोमवार, रात्री १०:०५
+१. आमच्याकडे परतीचं भाडं. रायपूरहून गाडी रिकामी यायला लागली की समजून जायचं.

आकडेवाली | सोमवार, रात्री १०:३१
@हिंगणावाला, त्या नव्वद टक्क्यांपासूनच सुरुवात करू. अमेरिकेत मंदी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे एनबीईआर ही संशोधन संस्था ठरवते. १९४८ पासून त्यांनी १२ वेळा मंदी नोंदवली आहे. सगळे महिने मांडले तर शंभरातले तेरा-चौदा महिने मंदीचे निघतात. म्हणजे मी दर महिन्याला डोळे मिटून "मंदी नाही" म्हटलं तरी माझा अंदाज ८६ टक्के वेळा बरोबर! आणि त्याचा उपयोग कोणालाच नाही.

त्या माणसाकडे दोन वेगळे आकडे मागा. जितक्या वेळा मंदी आली त्यांपैकी किती वेळा काटा आधी लाल झाला होता? आणि जितक्या वेळा काटा लाल झाला त्यांपैकी किती वेळा मंदी खरंच आली? ही दोन उत्तरं मिळाली नाहीत तर पुढे बोलूच नका.

निवृत्त_मास्तर | सोमवार, रात्री ११:१४
चांगला धागा. सांख्यिकी शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं लांबेल.

या विषयातलं सगळ्यात नावाजलेलं मॉडेल एका ओळीत लिहिता येतं. सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्याचा व्याजदर घ्या, त्यातून तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलाचा दर वजा करा. एरवी लांब मुदतीचा दर जास्त असतो. तो फरक आक्रसत शून्याखाली गेला की वर्षभरात मंदी येण्याची शक्यता वाढते. कॅम्पबेल हार्वे यांनी १९८६ च्या शिकागो विद्यापीठातल्या प्रबंधात व्याजदरांतल्या या फरकाचा आणि पुढच्या वाढीचा संबंध दाखवला. नंतर एस्ट्रेला आणि मिश्किन यांनी त्यावर प्रोबिट मॉडेल बसवलं. न्यूयॉर्क फेड (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची न्यूयॉर्क शाखा) आजही दर महिन्याला त्यावरून बारा महिन्यांनंतरच्या मंदीची शक्यता प्रसिद्ध करते.

प्रोबिट म्हणजे काय? उत्तर हो किंवा नाही असं असतं: मंदी १, नाही तर ०. फरकाला एका सहगुणकाने गुणायचं, त्यात एक स्थिरांक मिळवायचा आणि आलेला आकडा प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वक्रावर ठेवून ० ते १ मधली संभाव्यता वाचायची. न्यूयॉर्क फेडच्या मॉडेलमध्ये स्थिरांक उणे ०.५३३३ आणि सहगुणक उणे ०.६३३० आहे. फरक अधिक १ टक्का असेल तर मंदीची शक्यता सुमारे १२ टक्के, शून्य असेल तर ३० आणि उणे १ असेल तर ५४. दोन स्थिरांक, एक वजाबाकी. हे एक्सेलमध्येही होतं. सहगुणक स्वतः काढायचे असतील तर एक्सेलचं सॉल्व्हर पुरतं.

तेव्हा हिंगणावाला, "आत काय आहे" हा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. ज्याच्या आतलं गणित सांगता येत नाही त्याला फी देऊ नये. सॉफ्टवेअर म्हणाल तर ग्रेटल, आर, पायथनचं स्टॅट्समॉडेल्स हे सगळे फुकट आहेत. बी.कॉम. झालेल्या माणसाने ग्रेटलपासून सुरुवात करावी. मेनूतून काम चालतं, एक्सेलची फाईल थेट उघडते आणि प्रोबिट दोन-तीन क्लिकवर आहे.

जर्सीतला_नागपूरकर | मंगळवार, सकाळी ६:५०
मास्तर, सुंदर लिहिलंत. पण इथे राहून आम्ही याच मॉडेलचा पुढचा अंक बघितला. २०२२ च्या अखेरीस तो फरक उणे झाला आणि जवळपास दोन वर्षं उणेच राहिला. २०२३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क फेडचं मॉडेल २०२४ च्या मे साठी ७० टक्के शक्यता दाखवत होतं. त्याच्याही आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, ब्लूमबर्ग इकॉनॉमिक्सच्या मॉडेलने वर्षभरात मंदी येण्याची शक्यता १०० टक्के सांगितली होती. मंदी आलीच नाही.

पण त्या अंदाजांमुळे आमच्या ऑफिसात नवीन भरती थांबली, प्रोजेक्ट लांबले. वेगात काम करणारी मुलं दीड वर्ष बढतीची वाट बघत राहिली. चुकीच्या इशाऱ्याचीही किंमत असते आणि ती कोणीतरी मोजतं. तुमच्या मालकांनी लाल काट्याला घाबरून मशीन घेतली नाही आणि वीज केंद्राची ऑर्डर दुसऱ्याकडे गेली, तर तो तोटा कुठल्याच डॅशबोर्डवर दिसणार नाही.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ८:२०
@जर्सीतला_नागपूरकर, हे लिहिलंत ते बरं झालं. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६६ मध्येच लिहून ठेवलंय की शेअर बाजाराने गेल्या पाच मंद्यांपैकी नऊ ओळखल्या! मात्र ७० टक्के सांगून मंदी न येणं हा मॉडेलचा पराभव नव्हे. दहापैकी तीनदा असं होणारच. १०० टक्के सांगून न येणं हा पराभव. शंभर म्हणणाऱ्याने मागे फिरायला वाटच ठेवली नाही.

सॅम्युएल्सनभक्त | मंगळवार, सकाळी ९:०२
पाचपैकी नऊ =)) हे ऑफिसच्या भिंतीवर लावतो.

सदरकर | मंगळवार, सकाळी ९:४५
बँकेतून निवृत्त, ट्रेझरीत काही वर्षं काढलेली आहेत. अमेरिकेचा यील्ड कर्व्ह, म्हणजे मास्तरांनी सांगितलेल्या लांब आणि अल्प मुदतीच्या दरांचा आलेख, उचलून भारतावर बसवू नका, एवढं कळकळीने सांगतो.

आपल्याकडे बँकांना एसएलआरपोटी ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो, सध्या १८ टक्के. विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट फंड यांनाही रोखे घ्यावे लागतात. त्यामुळे लांब मुदतीच्या दरात बाजाराचं भविष्याबद्दलचं मत तेवढं स्वच्छ उमटत नाही. उदाहरण देतो. जुलै २०१३ मध्ये रुपया घसरत होता. तो सावरायला रिझर्व्ह बँकेने १५ जुलैला एमएसएफचा दर (बँकांना एका रात्रीपुरतं कर्ज द्यायचा दर) १०.२५ टक्क्यांवर नेला. अल्प मुदतीचे दर एकदम वर गेले आणि आपला कर्व्ह उलटा झाला. पुस्तकाप्रमाणे २०१४ मध्ये मंदी यायला हवी होती. प्रत्यक्षात २०१३-१४ ची वाढ २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या मालिकेप्रमाणे ६.४ टक्के निघाली. तो उलटा कर्व्ह रुपयाबद्दल बोलत होता, कारखान्यांबद्दल नाही. सॉफ्टवेअरला हा फरक कळत नाही, त्याला फक्त उणे आकडा दिसतो.

संत्राबाग | मंगळवार, सकाळी १०:३०
काटोलहून रामराम. आमचा यील्ड कर्व्ह म्हणजे मान्सून, राजेहो. १९७९-८० साली देशाचं उत्पन्न ५ टक्क्यांहून जास्त घटलं ते दुष्काळाने. १९६५-६६ चं तसंच. आमचे वडील त्या दोन्ही सालांच्या गोष्टी सांगत. शहरात मंदीचा अंदाज करणाऱ्यांनी पावसाचा आकडा घेतला नाही तर काय अंदाज करून राहिले ते?

आणि कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्याला भाव काय मिळाला हे बघा. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला की बांधकाम निघतं, मोटारसायकल निघते, लग्नं दणक्यात होतात. भाव पडला की दिवाळीनंतर गावात शांतता.

आकडेवाली | मंगळवार, सकाळी ११:१०
संत्राबाग काका, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो सांख्यिकीचाही आहे. भारताच्या जुन्या मंद्या पावसाच्या होत्या, २०२० ची लॉकडाऊनची. दोन्ही वेगळे आजार. एकावर शिकलेलं मॉडेल दुसऱ्याला ओळखत नाही. आणि उद्या येणारी तिसऱ्याच कारणाने येईल.

त्याहून मोठी अडचण आहे. आपले तिमाही जीडीपीचे आकडे १९९६-९७ पासून सुरू होतात. इतक्या वर्षांत आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा जीडीपी घटला अशा तिमाही दोनच, २०२० च्या एप्रिल-जून आणि जुलै-सप्टेंबर. म्हणजे एकच घटना. एका घटनेवरून दहा-वीस घटकांचं मॉडेल शिकवलं की ते ती घटना पाठ करतं आणि मग तिलाच "ओळखून" दाखवतं. मिहानमध्ये ज्या टीममध्ये मी काम करते तिथे नवीन मुलांना मी हेच आधी दाखवते. यादृच्छिक आकड्यांचे पंधरा रकाने घ्या, २०२० ओळखणारा एखादा तरी सापडतोच.

पुणेरी_पाहुणा | मंगळवार, दुपारी १२:१५
एवढं लांब जायचं कशाला? साम नियम वापरा. बेरोजगारीचा तीन महिन्यांचा सरासरी दर मागच्या बारा महिन्यांतल्या नीचांकापेक्षा अर्ध्या टक्क्याने वर गेला की मंदी सुरू. क्लॉडिया साम यांनी २०१९ मध्ये मांडला. ना प्रोबिट, ना सॉल्व्हर.

आकडेवाली | मंगळवार, दुपारी १२:५२
@पुणेरी_पाहुणा, पहिली गोष्ट, तो नियम मंदी सुरू झाल्याचं लवकर सांगतो, वर्षभर आधीचं नाही. दुसरी, ऑगस्ट २०२४ मध्ये तो आकडा ०.५३ वर गेला आणि तरी अमेरिकेत मंदी जाहीर झाली नाही. कामाच्या शोधात नव्याने आलेल्या लोकांमुळेही दर वाढतो, हे स्वतः साम यांनीच तेव्हा सांगितलं.

आता भारतात या. सरकारचं रोजगाराचं पीएलएफएस सर्वेक्षण २०१७ पासून आहे, पण दर महिन्याचे आकडे एप्रिल २०२५ पासूनच मिळायला लागले. आणि वार्षिक आकडे बघा: २०१८-१९ मध्ये बेरोजगारी ५.८ टक्के, २०१९-२० मध्ये ४.८. ज्या वर्षात लॉकडाऊन लागला त्या वर्षात बेरोजगारी *कमी* झालेली दिसते! कारण काम गेलेला माणूस बेरोजगार म्हणून बसून राहत नाही, त्याला परवडत नाही. तो गावी जातो आणि शेतीवर हात लावतो. त्याच वर्षी शेतीतल्या कामगारांचा वाटा ४२.५ वरून ४५.६ टक्क्यांवर गेला.

पुणेरी_पाहुणा | मंगळवार, दुपारी १:२०
पण शहरी तिमाही आकड्यात एप्रिल-जून २०२० ला बेरोजगारी सुमारे २१ टक्के होती. तो आकडा घेतला तर नियम चालला असता.

आकडेवाली | मंगळवार, दुपारी १:३४
चालला असता, मान्य. पण तो आकडा हाती पडेपर्यंत लोक मजुरांच्या चालत जाणाऱ्या रांगा बघून चुकले होते. माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडे कुठला आकडा घेतला यावर नियमाचं उत्तर उलटसुलट होतं.

संत्राबाग | मंगळवार, दुपारी २:१०
ते शेतीवर हात लावणारं अगदी खरं. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात पुण्याहून, सुरतेहून परतलेली पोरं होती. बागेत छाटणीला माणूस मिळत नसे एरवी, तेव्हा मागेल तेवढे मिळत होते आणि मजुरी मागायला लाजत होते. सर्वेवाल्याच्या कागदावर ती सगळी कामावर.

कोळसाखाण | मंगळवार, दुपारी ३:४५
मी खाणीच्या डिस्पॅचवर आहे. बरेच जण विजेची मागणी आणि कोळशाची उचल हे आकडे मॉडेलमध्ये घालतात, कारण ते लवकर मिळतात. घाला, पण जपून. मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला की विदर्भातले कूलर बंद होतात, विजेची मागणी पडते, केंद्राची उचल कमी होते. कारखाने मात्र जोरात चालू असतात. तापमानाचा परिणाम वजा केल्याशिवाय विजेचा आकडा मंदीबद्दल काही सांगत नाही.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी ४:३०
@कोळसाखाण, यालाच जोडून दिवाळी. अमेरिकेच्या जनगणना विभागाचं एक्स-१३ नावाचं सॉफ्टवेअर हंगामी चढउतार काढून टाकतं, तेही फुकट आहे आणि ग्रेटलमधून चालवता येतं. पण त्यात ख्रिसमस ठरल्या तारखेला येतो. आपली दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. ती वेगळी सांगितली नाही तर एखाद्या वर्षी ऑक्टोबरात तेजी आणि नोव्हेंबरात मंदी असा भास होतो. दरवर्षी दिवाळी कोणत्या महिन्यात होती याचा रकाना स्वतः भरावा लागतो. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण तयार सॉफ्टवेअर विकणाऱ्याने ते केलंय का, हे विचारायला हवं.

वाडी_ट्रान्सपोर्ट | मंगळवार, सायंकाळी ६:००
मास्तर, राग मानू नका. पण एवढं सगळं करून शेवटी येतं काय? ३० टक्के, ५४ टक्के. माझ्या गाड्या वाडीच्या नाक्यावर दोन दिवस उभ्या राहिल्या की मला शंभर टक्के कळतं. माणसाने धंदा डोळ्यांनी बघावा.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सायंकाळी ६:४०
राग कशाचा? तुमचा आकडा फार चांगला आहे आणि तो सरकारी आकड्यांच्या आधी मिळतो. फक्त तो कशाचा आहे ते बघा. गाड्या उभ्या राहतात तेव्हा मंदी दारात आलेली असते. हिंगणावाल्यांच्या मालकांना कर्जावर आज सही करायची आहे आणि हप्ते पाच वर्षं भरायचे आहेत. त्यांना गाड्या उभ्या राहण्याच्या सहा-आठ महिने आधी थोडी चाहूल हवी.

एनबीईआर तर याहूनही मागे असते. डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली मंदी त्यांनी जाहीर केली १ डिसेंबर २००८ ला. तोवर लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडून अडीच महिने झाले होते. त्यांचं काम इतिहास नेमका लिहिण्याचं आहे, ते त्यांनी घाई न करता करावं हेच बरोबर. आपल्याकडे तर अशी तारीख ठरवणारी अधिकृत समितीच नाही.

जर्सीतला_नागपूरकर | मंगळवार, रात्री ८:३५
आणि आकडे स्वतःच बदलतात. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिकेचा जीडीपी वार्षिक ३.८ टक्के दराने घटला असा पहिला अंदाज आला होता. सुधारणा होत होत तो ८ टक्क्यांच्या पलीकडे गेला. आजचा सुधारलेला आकडा घालून "आमच्या मॉडेलने २००८ ओळखलं" म्हणणं सोपं आहे. त्या दिवशी जो आकडा टेबलावर होता तो घालून ओळखलं असतं का? सेंट लुईस फेडच्या अल्फ्रेड संग्रहात प्रत्येक तारखेला कोणता आकडा माहीत होता ते जपून ठेवलंय. खरी परीक्षा त्यावर.

सदरकर | मंगळवार, रात्री ९:१५
भारतातही तेच. २०२०-२१ ची घट आधी ७.३ टक्के, मग ६.६, मग ५.८. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२० च्या बुलेटिनमध्ये जुलै-सप्टेंबरसाठी ८.६ टक्के घट होईल असा अंदाज होता, महिनाअखेरीस सरकारी आकडा आला ७.५ टक्के. दिशा बरोबर होती, आणि सरकारी आकड्याच्या काही आठवडे आधी कळली. असल्या मॉडेलकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

आणखी एक, नागपूरकरांसाठी. रिझर्व्ह बँक ग्राहकांच्या विश्वासाचं जे सर्वेक्षण करते त्यातल्या १९ शहरांत नागपूर आहे. वर्षभरापूर्वीपेक्षा नोकरी, उत्पन्न, खर्च बरा की वाईट, आणि पुढच्या वर्षी काय वाटतं, असे प्रश्न. १०० च्या वर आशा, खाली निराशा. मे २०२१ मध्ये हा निर्देशांक ४८.५ पर्यंत खाली गेला होता.

अबोली_धरमपेठ | मंगळवार, रात्री ९:३०
अय्या, आमच्या आत्याकडे आले होते सर्वेवाले! तिने सगळ्या प्रश्नांना "महागाई" हेच उत्तर दिलं. त्यांना चहा-पोहे करून घातले, ते वेगळं.

इतवारी_धान्य | मंगळवार, रात्री ९:३६
तर्री घातली होती का पोह्यांवर? मग निर्देशांक १०० च्या वर गेला असेल.

हिंगणावाला | बुधवार, सकाळी ७:४०
सगळं दोनदा वाचलं. मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडे येतो. मला कळलं ते असं: अमेरिकेचं मॉडेल इथे चालत नाही, भारताचं शिकवायला मंद्याच पुरेशा नाहीत, सरकारी आकडे उशिरा येतात आणि बदलतात. मग मालकांना सांगू काय? काहीच करता येत नाही असं सांगून तर चालणार नाही.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ९:०५
करता येतं. प्रश्न बदला. देशात मंदी येईल का, हे तुमच्या मालकांना कशाला हवंय? त्यांना हवंय ते असं: पुढच्या सहा-आठ महिन्यांत *आपल्या* ऑर्डर दणकून पडतील का? देशाची वाढ ६ टक्के असताना सिमेंटवाल्यांनी विस्तार थांबवला तर तुमची मंदी तिथेच सुरू झाली. आणि या प्रश्नाला लागणारा डेटा तुमच्या स्वतःच्या टॅलीत आहे.

दर महिन्याच्या ऑर्डरी काढा. सहा महिन्यांच्या ऑर्डरी आदल्या वर्षीच्या त्याच सहा महिन्यांपेक्षा, समजा, २० टक्क्यांनी कमी असतील तर १ लिहा, नाही तर ०. अशी पडझड एका वर्कशॉपला देशापेक्षा जास्त वेळा भोगावी लागते, त्यामुळे शिकायला उदाहरणं मिळतात. दुसऱ्या बाजूला सहा महिने आधीचे दोन किंवा फार तर तीन घटक घ्या. आठ पायाभूत उद्योगांचा निर्देशांक दर महिन्याला येतो. त्यात कोळसा, पोलाद, सिमेंट, वीज असे तुमचे गिऱ्हाईकच बसलेले आहेत. दुसरा घटक इतवारी_धान्य यांनी पहिल्याच प्रतिसादात दिलाय: उधारी वसूल व्हायला लागणारे सरासरी दिवस. तोही टॅलीत आहे. तिसरा हवा असेल तर वाडीची परतीची भाडी, पण ती कोणी लिहून ठेवली असतील तर.

ग्रेटलमध्ये प्रोबिट लावा. शेवटची तीन वर्षं झाकून ठेवा, आधीच्यांवर मॉडेल शिकवा आणि झाकलेल्या वर्षांवर चालवून बघा. एप्रिल ते जून २०२० वगळा. ती तिमाही ठेवली तर मॉडेल फक्त लॉकडाऊन शिकेल आणि नेहमीची पडझड त्याला किरकोळ वाटेल.

वाडी_ट्रान्सपोर्ट | बुधवार, सकाळी ९:४०
लिहून ठेवलीत मास्तर. मुलाने २०१८ पासून एक्सेलमध्ये टाकलीत, गाडीवार. लागली तर देतो.

आकडेवाली | बुधवार, सकाळी १०:२०
हे भारी झालं!

हिंगणावाला, विकणाऱ्या माणसाला विचारायचं आणखी एक. त्यांनी मागे प्रसिद्ध केलेले अंदाज तारखेसकट मागा, आजच्या सॉफ्टवेअरने मागे चालवून काढलेले नकोत. मग ब्रायर गुण काढा. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी मांडलेली पद्धत. सांगितलेली संभाव्यता वजा प्रत्यक्षात घडलं ते (१ किंवा ०), त्याचा वर्ग, सगळ्या महिन्यांची सरासरी. जितका कमी तितका चांगला. अमेरिकेसाठी दर महिन्याला न चुकता "१३ टक्के" म्हणणाऱ्याचा गुण साधारण ०.१२ येतो. विकत घ्यायच्या मॉडेलचा गुण त्याहून कमी नसेल तर ती फी तुमच्या फिटरला बोनस म्हणून द्या.

सदरकर | बुधवार, सकाळी ११:००
आणि मॉडेल काहीही सांगो, कर्जाआधी एक कोष्टक मालकांसमोर ठेवाच. ऑर्डर ३० टक्क्यांनी पडल्या आणि उधारी महिनाभर लांबली, तर हप्ता निघतो का? किती महिने निघतो? बँकेत बसून मी जी युनिटं बुडताना पाहिली त्यांतली बरीचशी मंदीने बुडाली नाहीत. चांगल्या वर्षाच्या विक्रीवर हप्ता ठरवला म्हणून पहिल्याच झटक्यात बुडाली. हप्ता बसत नसेल तर मुदत पाचची सात वर्षं मागा, किंवा सुरुवातीला सहा महिने फक्त व्याज भरायची सवलत मागा. मंजुरीच्या आधी मागितलं तर मिळू शकतं. नंतर मागायला गेलं की बँक खात्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागते.

हिंगणावाला | बुधवार, रात्री ८:५०
कंपनीला फोन केला. तारखेसकट जुने अंदाज मागितले. "ऑफिसला विचारून सांगतो" म्हणाले. दिवाळीचा प्रश्नही विचारला, त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

मालकांना सदरकरांचं कोष्टक दाखवलं. ३० टक्के घसरणीत हप्ता चार महिने निघतो, पुढे नाही. त्यांनी लगेच सात वर्षांच्या मुदतीचा हिशेब करायला सांगितला. ग्रेटल टाकलंय, उघडतंय. टॅलीत २०१२ पासूनचा डेटा आहे. रविवारी बसतो. सुरुवात कुठून करू?

आकडेवाली | बुधवार, रात्री ९:१५
रुपयांत नको, टनांत काढा. २०२१ मध्ये पोलादाचे भाव एवढे चढले होते की टन कमी होऊनही विक्री वाढलेली दिसेल आणि मॉडेल फसेल. डिस्पॅच रजिस्टरमध्ये वजन असेलच. आणि रुपये घ्यावेच लागले तर जुलै २०१७ च्या आधीची विक्री एक्साइज धरून लिहिलीय की सोडून, ते आधी बघा.

निवृत्त_मास्तर | बुधवार, रात्री ९:२२
आणि जॉबवर्कचा रकाना वेगळा ठेवा. प्लेट गिऱ्हाईकाची आणि मजुरी तुमची, असं काम मंदीत उलट वाढू शकतं, कारण गिऱ्हाईक स्वतःचा पडून राहिलेला माल वापरून काढतं. दोन्ही एकत्र केलंत तर पडझड झाकली जाईल. फाईल तयार झाली की इथेच टाका, गिऱ्हाईकांची नावं काढून. रविवारी संध्याकाळी मी बघतो.